पुढच्या नंबराचा भाव

"नवसाची की मुखदर्शनाची?"

भाद्रपदात लालबागमध्ये शिरणाऱ्या माणसाला पहिला प्रश्न हाच विचारला जातो. करी रोडला उतरा, चिंचपोकळीला उतरा किंवा दादरहून बसने या. बंदोबस्तावरचा पोलीस नाहीतर मंडळाचा कार्यकर्ता एवढेच विचारतो आणि हाताने दिशा दाखवतो. नवसाच्या रांगेत 'लालबागचा राजा' या गणपतीच्या पायांवर डोके टेकता येते. मुखदर्शनाच्या रांगेत थोड्या अंतरावरून हात जोडायचे आणि पुढे सरकायचे. पहिली रांग दहा-पंधरा तास घेते, विसर्जन जवळ आले की त्याहूनही जास्त. दुसरी त्या मानाने लवकर सरते. पैसे दोन्हीकडे लागत नाहीत. ज्याला मूर्तीच्या जवळ जायचे असेल त्याने जास्त तास उभे राहावे, असा हा सरळ हिशेब आहे.

पंढरपूरची व्यवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. तिथेही पदस्पर्श दर्शनाची रांग वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. आषाढीला पदस्पर्शाची रांग पत्राशेड भरून गोपाळपूरच्या दिशेने लांब जाते आणि वारकरी त्या रांगेत रात्र काढतात. परळ-लालबागच्या चाळींमधली कितीतरी घरे सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातून गिरण्यांसाठी इथे आलेली. ताटकळून घेतलेले दर्शन खरे, ही भावना त्यांच्या गाठोड्यातून आली असेल तर नवल नाही.

लालबागला मात्र आणखी एक दार आहे. त्या दारातून नट-नट्या, उद्योगपती, पुढारी आणि त्यांच्या ओळखीचे लोक आत येतात. या दाराचे तिकीट कुठल्याही खिडकीवर मिळत नाही. पास मिळतो, आणि पास मिळायला ओळख लागते. 2024 च्या उत्सवात दोन दृश्ये शेजारी-शेजारी ठेवलेले व्हिडिओ मोबाइलवरून घरोघर पोहोचले. एका बाजूला पाया पडणाऱ्या बाईला कार्यकर्ते मानेला धरून पुढे ढकलत आहेत, दुसऱ्या बाजूला कुणी निवांत उभे राहून फोटो काढून घेत आहे. पुढच्याच वर्षी या भेदभावाची तक्रार राज्य मानवी हक्क आयोगापर्यंत गेली. पेरू चाळीजवळचा बाजार 1932 साली बंद झाला, बसायची जागा गेलेल्या कोळणींनी आणि विक्रेत्यांनी नवस केला आणि जागा मिळाल्यावर 1934 मध्ये हा गणपती बसवला. त्या मंडपात माणसामाणसांत दारे पडावीत, हे अनेक जुन्या लालबागकरांच्या मनाला लागते, आणि ते लागणे योग्यच आहे.

वशिल्याने पुढे जाणे आपल्याकडे जुने आहे. पैसे मोजून, पावती घेऊन, उजळ माथ्याने पुढे जाणे हा मात्र अलीकडच्या काळात फोफावलेला धंदा आहे, आणि त्याचे सर्वांत रेखीव रूप पाहायचे तर मनोरंजन उद्यानात जावे लागते.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीजवळ 2013 च्या एप्रिलमध्ये इमॅजिका सुरू झाले. मुंबईच्या मुलांना तोवर गोराईचे एस्सेलवर्ल्ड ठाऊक होते. इमॅजिकाने मोठ्या रोलर कोस्टरबरोबर परदेशी उद्यानांची आणखी एक पद्धत आणली: साध्या तिकिटाशिवाय एक महाग 'एक्स्प्रेस' तिकीट. ते असले की पाळण्याशी वेगळ्या वाटेने जायचे. 2022 मध्ये हे उद्यान संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आले. सुट्टीच्या दिवशी तिथे आलेल्या कुटुंबाला खिडकीपाशीच ठरवावे लागते की चौघांचे जास्तीचे पैसे भरायचे, की मुलांना उन्हात उभे करायचे. एकाच वर्गातली दोन मुले एकाच दिवशी तिथे गेली तर एक आठ पाळण्यांत बसून येते आणि दुसरे चारांत. दुसऱ्या दिवशी शाळेत ती मोजदाद होतेच.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत आहे, आणि तिथला तिचा प्रवास बघण्यासारखा आहे. डिस्नेने 1999 मध्ये 'फास्टपास' सुरू केला तेव्हा तो फुकट होता. पाळण्याजवळच्या यंत्रात आपले प्रवेशपत्र घालायचे, यंत्र एक चिठ्ठी देई, चिठ्ठीवर परत येण्याची वेळ असे. मधल्या वेळात दुसरीकडे फिरावे, खावे-प्यावे. सगळ्यांना सारखाच हक्क होता. जो आधी चिठ्ठी काढेल त्याला आधीची वेळ. करोनाच्या टाळेबंदीत ही सोय थांबली ती तशीच गेली. 2021 मध्ये तिच्या जागी पैशांची योजना आली, फ्लोरिडात माणशी दिवसाला 15 डॉलरपासून. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्याही वरची पायरी आली. फ्लोरिडाच्या उद्यानांत वेळ न ठरवता प्रत्येक मोठ्या पाळण्याच्या जलद रांगेत एकदा शिरण्यासाठी दिवस आणि उद्यान पाहून 129 ते 449 डॉलर, तेही प्रवेशाच्या तिकिटाशिवाय वेगळे. पाव शतकात फुकटची चिठ्ठी कुटुंबाच्या सहलीतल्या महागड्या वस्तूंपैकी एक होऊन बसली.

उद्यानवाले सांगतात की हा सौदा दोघांच्या मर्जीचा आहे. ज्याला वेळ वाचवायचा तो पैसे देतो, ज्याला पैसे वाचवायचे तो वेळ देतो, कुणाचे काही बिघडत नाही. हे ऐकायला बरोबर वाटते. पण पाळण्यातल्या खुर्च्या मोजल्या की ते टिकत नाही.

समजा, एका पाळण्यात तासाला 1000 माणसे बसतात आणि तुमच्या पुढे 1000 जण उभे आहेत. एकच रांग असेल तर तुमचा नंबर तासाभरात लागेल. आता तासाच्या 1000 खुर्च्यांपैकी 600 जलद रांगेला दिल्या. साध्या रांगेसाठी उरल्या 400. तुमच्या पुढचे 1000 जण बसून व्हायला अडीच तास लागतील. पाळणा तोच, वेग तोच, रांगेची लांबीही तीच. दीड तास तेवढा वाढला. हा दीड तास आकाशातून पडलेला नाही. जलद रांगेतल्यांचा जो वेळ वाचला तोच तुमच्या अंगावर आला. रांगांच्या गणिताचा अभ्यास करणाऱ्या लिओनार्ड क्लाइनरॉक यांनी 1960 च्या दशकात याचा नियमच मांडला. काम करणाऱ्याचा वेग न वाढवता नुसता क्रम बदलला तर एकाची कमी झालेली वाट बघणी दुसऱ्याच्या वाट्याला जाते, एकूण बेरीज फारशी हलत नाही. बारा डब्यांच्या लोकलमध्ये फर्स्ट क्लासचा एक डबा वाढवला की सेकंड क्लासचा एक कमी होतो, हे परळच्या माणसाला कुणी शिकवायला नको.

यातली जास्त काळजीची गोष्ट पुढे आहे. साधी रांग दहा मिनिटांत संपत असेल तर जलद तिकीट कोण घेईल? म्हणजे तिकीट खपायचे असेल तर साधी रांग लांब असावीच लागते. एकदा का या तिकिटाचे उत्पन्न हिशेबात धरले जाऊ लागले, की नवा पाळणा बांधून किंवा माणसे वाढवून रांग आखूड करण्याची घाई कमी होते. कुणी मुद्दाम रांग लांबवते असे म्हणायची गरज नाही. ती आखूड करण्यात कुणाचा फायदा उरत नाही, एवढेच पुरे.

मग लोक चिडत कसे नाहीत? रांगेत मध्येच घुसणाऱ्याला आपण सोडत नाही. मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी न्यूयॉर्कमध्ये आपले सहकारी मुद्दाम 129 रांगांमध्ये घुसवले आणि 1986 मध्ये निष्कर्ष छापले. एकटा माणूस घुसला तर साधारण निम्म्या रांगांत कुणी ना कुणी हरकत घेतली. दोघे घुसले तर दहापैकी नऊ रांगांत. हरकत घेणारे बहुतेक घुसलेल्याच्या मागे उभे असलेले. उद्यानातली जलद रांग दुसऱ्या वाटेने, भिंतीपलीकडून येते आणि अगदी पाळण्याच्या तोंडाशी मिळते. घुसणारा दिसतच नाही, मग ओरडणार कुणावर? रेशनच्या रांगेत "ओ काका, आम्ही काय वेडे आहोत का?" असे सुनावणारी बाई इथे मुकाट उभी राहते, कारण समोर काका नाही, फक्त पाटी आहे.

परळला पुढच्या नंबराचा हा सौदा पूर्वी वेगळ्या नावाने माहीत होता. गिरण्या चालू असताना रोज सकाळी गेटवर बदली कामगारांची गर्दी जमे. कायम कामगार जितके गैरहजर तितक्यांनाच त्या दिवशी काम. कुणाला आत घ्यायचे हे जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हातात असे, आणि जॉबर दस्तुरी घेई. नोकरी लागताना दस्तुरी, टिकवायची असेल तर पुन्हा दस्तुरी. 1929 ते 1931 या काळात हिंदुस्थानातल्या कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या व्हिटली आयोगाने या लाचखोरीची नोंद केली. 1935 मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांनी बदली नियंत्रणाची योजना आणली. बदलीवाल्यांना कार्डे दिली आणि कार्डवाल्यांना आधी काम असा क्रम लावला. जॉबरची मनमानी त्याने पुरती संपली नाही. पण नंबर कुणाचा हे कागदावर आले, आणि हक्काने भांडायला काहीतरी हातात आले. उपाशी घरी परतायचे की नाही हे ज्या रांगेवर ठरते, तिथला पुढचा नंबर विकणे आणि पाळण्यातला पुढचा नंबर विकणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तरी मुळातला प्रश्न तोच राहतो: जो देऊ शकत नाही त्याचे काय होते?

सरकारही नंबर विकते. रेल्वेने 1997 च्या डिसेंबरमध्ये तत्काळ योजना सुरू केली. तिचा हेतू चांगला होता: अचानक गावाला जावे लागले, कुणी आजारी पडले, तर काही जागा राखलेल्या असाव्यात. आज आदल्या दिवशी सकाळी दहाला वातानुकूलित डब्यांचे आणि अकराला स्लीपरचे तत्काळ आरक्षण उघडते, आणि मूळ भाड्यावर जादा आकार पडतो. स्लीपरला तो 100 ते 200 रुपये. 2014 मध्ये मागणीप्रमाणे भाडे चढणारे प्रीमियम तत्काळही आले. गणपतीला कोकणात निघालेल्या चाकरमान्याला या सगळ्याची तोंडओळख नको, तो त्यात मुरलेला आहे. साधे आरक्षण उघडताच काही मिनिटांत संपते, मग तत्काळसाठी घरातले तीन मोबाइल तीन जणांच्या हातात, अकराच्या ठोक्याला बोट तयार, आणि पडद्यावर चक्र फिरत राहते. पैसे द्यायला माणूस तयार आहे, तरी जागा एजंटाच्या सॉफ्टवेअरने उचललेली असते. ही दलाली रोखण्यासाठी 1 जुलै 2025 पासून ऑनलाइन तत्काळला आधारची पडताळणी सक्तीची झाली. जिथे नंबराला भाव येतो तिथे नंबराचा दलालही येतो. लालबागच्या भारतमाता थिएटरबाहेर गाजलेल्या चित्रपटांची तिकिटे ब्लॅकने घेतलेल्या पिढीला हे पाठ आहे.

तरीही साध्या तत्काळमध्ये एक गोष्ट जमेची आहे. जागांचा कोटा ठरलेला असतो, दर छापलेला असतो आणि उरलेल्या जागा साध्या प्रवाशाच्या राहतात.

देवळांत याहून गुंतागुंत आहे. शिर्डीला 200 रुपयांचा दर्शन पास मिळतो. त्र्यंबकेश्वरला 200 रुपये देणगी दर्शनाचे घेतात. हे मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालचे स्मारक असताना असे शुल्क घेता येते का, हा वाद उच्च न्यायालयात गेला. तुळजापुरातही देणगी दर्शन आहे. तिरुमलेला फुकट सर्वदर्शनाशेजारी 300 रुपयांचे विशेष प्रवेश दर्शन आहे, आणि मंदिरबांधणीच्या न्यासाला 10,000 रुपये देणाऱ्याला आणखी जवळची वाट. देणारा भक्त बहुधा असे धरून चालतो की आपले पैसे देवाच्या कामाला लागले आणि आपला वेळही वाचला, म्हणजे दोन्ही बाजूंनी चांगलेच झाले. मागच्या रांगेतल्या आजीचे तास त्या हिशेबात येत नाहीत.

पंढरपूर इथे वेगळे उभे राहते. पाद्यपूजा, तुळशी अर्चन अशा पूजांना शुल्क आहे, पण दर्शनाच्या रांगेला तिकीट नाही. आणि या रांगेत उभे राहण्याचा हक्कसुद्धा काहींना भांडून मिळवावा लागला. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले ते हरिजनांना विठ्ठलाच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून. दहा दिवसांनी मंदिर खुले करण्याचे ठरले तेव्हा उपोषण सुटले. जातीने अडवलेले दार ज्या महाराष्ट्रात असे उघडावे लागले, तिथे देवासमोर पैशाचे दार बसवताना शंभरदा विचार व्हायला हवा.

हा विषय सर्वोच्च न्यायालयातही गेला. शुल्क घेऊन खास दर्शन देणे समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे म्हणणारी याचिका 31 जानेवारी 2025 रोजी सरन्यायाधीश संजीव खन्ना यांच्या पीठापुढे आली. कुणाला खास वागणूक असू नये असे आपलेही मत असू शकते, पण यात न्यायालयाने आदेश द्यावा असे हे प्रकरण नाही, असे सांगून पीठाने ती ऐकायला नकार दिला. संबंधित अधिकाऱ्यांना योग्य ते करण्याची मोकळीक राहिली. म्हणजे चेंडू पुन्हा देवस्थानांच्या आणि राज्य सरकारांच्या अंगणात आहे.

देवस्थानांना दुसरा मार्ग सापडत नाही असेही नाही. शिर्डीत 2023 च्या ऑक्टोबरमध्ये नवे दर्शन रांग संकुल उघडले. दहा हजारांहून अधिक भाविकांना बसून थांबता येईल अशी ती इमारत आहे. अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी 1985 मध्येच लिहिले होते की रिकामे बसून काढलेला वेळ लांब वाटतो, थांबण्याचे कारण न कळता काढलेला वेळ लांब वाटतो आणि अन्यायाने काढावा लागलेला वेळही लांब वाटतो. पहिल्या दोन तक्रारींवर बाक, पंखे, पाणी, स्वच्छतागृह आणि "येथून दोन तास" अशी खरी पाटी हे उपाय आहेत. तिसरीवर बाक चालत नाही.

परळमध्ये एक जागा अशी आहे, जिथे पैसे देणारा आणि न देणारा शेजारी-शेजारी असतात आणि तरी हिशेब वेगळा लागतो. टाटा मेमोरियल रुग्णालय 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झाले आणि 1962 पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. इथे नोंदणी करतानाच रुग्णाचा वर्ग ठरतो: सर्वसाधारण किंवा खासगी. खासगी वर्गाची ओपीडी वेगळी, गर्दी कमी, दर पूर्ण. सर्वसाधारण वर्गात बिहार, बंगाल, आसाम, विदर्भ, मराठवाड्याहून आलेली माणसे फायलींची पिशवी छातीशी धरून बाकांवर, बाकांखाली, जिन्यात बसलेली असतात. रात्री त्यांतले काही समोरच्या फूटपाथवर झोपतात, काहींना नाना पालकर स्मृती समितीच्या रुग्णसेवा सदनात किंवा दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळते. संस्था सांगते की तिच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांवर जवळजवळ मोफत उपचार होतात. सरकारी अनुदान आणि देणग्या यांच्या जोडीला खासगी वर्गाचे शुल्क त्या मोफत उपचारांना हातभार लावते. इथे पुढे जाणाऱ्याच्या पैशाचा काही भाग मागे थांबलेल्याच्या औषधापर्यंत पोहोचतो, आणि डॉक्टर दोघांचे तेच असतात. उद्यानातल्या जलद तिकिटाबद्दल असे म्हणता येत नाही.

म्हणून सगळे आलबेल आहे असे नव्हे. तपासणीची तारीख लांब पडली की गावाकडचे शेत, मुलांची शाळा, मुंबईतला रोजचा खर्च सगळे ताणले जाते, आणि कर्करोगात आठवड्यांना किंमत असते. खासगी वर्गाकडून आलेला पैसा सर्वसाधारण वर्गाच्या तारखा जवळ आणत असेल तोवरच दोन ओपीडींचे समर्थन करता येते.

पलीकडे 1926 पासून उभ्या असलेल्या केईएम रुग्णालयात ओपीडीला दहा रुपयांचा केसपेपर काढून सकाळपासून रांग लावावी लागते. कॅज्युअल्टीत मात्र लोकलखाली सापडलेला माणूस आला की त्याच्या आधी आलेल्या सगळ्यांना थांबावे लागते. खिशात काही नसले तरी तो पुढे जातो आणि कुणी "आमचा नंबर आधी" म्हणत नाही. गरजेपोटी रांग मोडलेली आपल्याला चालते. पैशापोटी मोडली तर ती का मोडली, हे मोडणाऱ्याने सांगितले पाहिजे.

ते सांगणे अवघड नाही. तासाला किती जागा विकल्या, किती साध्या रांगेसाठी ठेवल्या आणि विकलेल्या जागांच्या पैशातून साध्या रांगेसाठी काय केले, एवढे तीन आकडे दर्शन मंडपाच्या आणि पाळण्याच्या दाराशी लिहून लावता येतात. लालबाग-परळच्या नोंदणीकृत मंडळांचे हिशेब वरळीच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दरवर्षी जातात, राज्यातल्या इतर नोंदणीकृत न्यासांचे आपापल्या जिल्ह्यात. त्यांत रांगेचे एक पान वाढवायचे आहे. पास किती दिले, कुणाच्या शिफारशीवर दिले, हेही त्याच पानावर यावे.